आधी डबा, मग लेन्स : आमची वाटचाल

गोव्यातल्या फोंड्याच्या वरच्या बाजारातला आमच्या फोटोच्या दुकानाचा हा गाळा बाबांनी घेतला, तेव्हा त्याच्या मागच्या अर्ध्या भागात रोल धुवायची डार्करूम होती. आता तिथे मेमरी कार्डं, बॅटऱ्या आणि ट्रायपॉड रचलेले असतात. लाल बल्ब मात्र मी काढू दिलेला नाही. पुढच्या भागात स्टुलावर बसवून पासपोर्ट फोटो, लग्नसराईत अल्बम, चतुर्थीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली, बसलेलं अख्खं घर, जत्रेतल्या नाटकाचे मेकअप केलेले शिवाजी आणि औरंगजेब. बाबांचा धंदा एवढाच, पण त्यावर आम्ही शिकलो. रोलवर '३६ फोटो' असं छापलेलं असलं तरी बाबा रोल इतका जपून चढवायचे की ३८ निघायचे. ते दोन जास्तीचे फोटो ही त्यांची खरी कमाई, असं आई म्हणायची.

२००४ मध्ये इफ्फी हा चित्रपट महोत्सव पणजीत आला. त्या सुमारास रोलचा खप उतरायला लागला, आणि मी बी.कॉम. आटोपून गल्ल्यावर बसले. कोडॅकने २०१२ च्या जानेवारीत दिवाळखोरीचा अर्ज केल्याची बातमी बाबांनी पेपरातून कापून ड्रॉवरमध्ये ठेवली. आमच्याकडच्या कोडॅक रोलच्या पिवळ्या डब्या त्याआधीच संपल्या होत्या.

मधली काही वर्षं आम्ही कॅमेरे विकले. त्यात सांगण्यासारखं फार नाही. गिऱ्हाईक तासभर आमच्या काउंटरवर कॅमेरा हाताळायचं, बाहेर जाऊन मोबाइलवर भाव बघायचं आणि तिथेच ऑर्डर करायचं. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा जीएसटी २०१९ च्या १ जानेवारीपासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला, पण तोवर आमचा कॅमेऱ्याचा शोकेस अर्धा रिकामा झाला होता.

मग आला 'कॉम्बो'. एकवीस वस्तूंचा एक संच : तीन फिल्टर, हूड, वीतभर ट्रायपॉड, धूळ उडवायचा फुगा, कापड, लेन्सच्या पुढे फिरवून बसवायची 'वाइड' काच आणि अजून काय काय. पंधराशे रुपये. कॉलेजची पोरं कॅमेरा ऑनलाइन घ्यायची आणि कॉम्बो आमच्याकडून. एका संचावर जवळजवळ अर्धे पैसे सुटायचे. खोटं कशाला बोलू, दोन वर्षं दुकानाचं भाडं आणि विजेचं बिल कॉम्बोनेच भरलं.

माझे डोळे उघडले ते साखळीच्या एका मुलामुळे. विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री वाळवंटी नदीत दिव्यांनी सजवलेल्या नौका सोडतात, त्यांचे फोटो त्याने काढले होते. लॅपटॉप माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "ताई, लेन्स बिघडली काय बघा. सगळीकडे हिरवे ठिपके येतात." फोटो सुरेख होते, पण काळ्याभोर पाण्यावर आणि आभाळात फिकट हिरव्या दिव्यांची दुसरीच एक रांग तरंगत होती. खरा दिवा वर डावीकडे, तर त्याचं भूत खाली उजवीकडे. लेन्स ठीक होती. तिच्यावर मीच विकलेला, कॉम्बोतला यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सपुढे बसवायची साधी काच, होता. कॅमेऱ्याच्या आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवरून परत फिरलेला उजेड त्या हलक्या, सपाट काचेवर आपटून पुन्हा आत जातो आणि उलटा उमटतो. मी फिल्टर काढला, दुकानातले दिवे घालवले, लाल बल्ब लावला आणि त्याला त्या बल्बचाच फोटो काढायला सांगितला. नंतर फिल्टर लावून पुन्हा. स्क्रीनवर दुसऱ्या फोटोत दोन बल्ब होते. तो काही बोलला नाही. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही, कारण पुढची त्रिपुरारी पौर्णिमा एक वर्षाने होती.

त्याच वर्षी कार्डांचं प्रकरण झालं. नेहमीच्या पुरवठादाराने ६४ जीबीची कार्डं थोड्या कमी भावात दिली. पाकीट, होलोग्राम, सगळं जागच्या जागी. आमच्याच एका गिऱ्हाइकाने त्यातल्या कार्डावर गावची जत्रा टिपली. पहिले तीनेकशे फोटो उघडले, पुढचे सगळे करडे. नावं दिसतात, आत काही नाही. असल्या कार्डाच्या पोटात असते आठ-सोळा जीबीची चिप. कॅमेऱ्याला ते ६४ सांगतं आणि भरलं की पुढचं सगळं मुकाट्याने गिळतं. पुरवठादार म्हणाला, तुमच्या गिऱ्हाइकाने कार्ड कॅमेऱ्यातून चुकीच्या पद्धतीने काढलं असेल. कार्डाचे पैसे आम्ही त्या गिऱ्हाइकाला परत दिले. जत्रा परत देता आली नाही. आता ज्याच्याकडून माल घेतो तो वेगळा आहे, तरी प्रत्येक खोक्यातली दोन-चार कार्डं मी एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमवर लावते. तो कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेलं सगळं परत वाचून बघतो. एका कार्डाला अर्धा-पाऊण तास जातो. घरी नवीन कार्ड आणलंत तर पहिल्या दिवशीच हे करा, बिल खिशात असेपर्यंत.

उरलेले कॉम्बो मी फोडले. फुगे आणि कापडं सुटी विकली, फिल्टर भंगारात गेले. त्या महिन्याचा गल्ला बघून बाबा म्हणाले, "शहाणपण महाग पडतं गो." पण अडवलं नाही.

तेव्हापासून नवशिक्या आला की मी त्याला आधी विचारते, कॅमेरा रात्री कुठे ठेवतोस? नव्वद टक्के उत्तर एकच : बॅगेत, कपाटात. गोव्यात याहून वाईट जागा नाही. इथे पावसाळ्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, भिंतींना ओल येते, चपलांना बुरशी लागते, आणि बॅगेचा फोम ती ओल स्पंजासारखा धरून ठेवतो. लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले की समजायचं, बुरशी लागली. साफ करायला लेन्स खोलावी लागते आणि खर्च कधी कधी जुन्या लेन्सच्या किमतीपेक्षा वर जातो. त्यावर उपाय काय, तर रबरी कड असलेला घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओल शोषणारं सिलिका जेल आणि हवेतली ओल मोजणारा एक छोटा हायग्रोमीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. अगदी २० पर्यंत खाली नेऊ नका, रबर आणि ग्रीस सुकतं. तांदूळ घालू नका, त्याची पूड आत जाते. जेलचे नारिंगी दाणे हिरवे पडले की मंद आचेवर परत नारिंगी होईपर्यंत तापवायचे, पण स्वयंपाकाच्या कढईत नव्हे. निळे दाणे आम्ही ठेवत नाही, त्यात कोबाल्ट असतं आणि घरात लहान मुलं असतात.

बॅग घ्यायची सगळ्यात शेवटी. यावर माझं इतर दुकानदारांशी कधीच पटलेलं नाही.

ट्रायपॉड नवा घ्यायचीही घाई नको. कॅमेऱ्याच्या बुडाचा स्क्रू पाव इंची, तो बाबांच्या काळापासून बदललेला नाही. त्यामुळे जुना, जड, कुणाच्या तरी माळ्यावरचा ट्रायपॉड नव्या हलक्यापेक्षा बरा. हलकाच असेल तर मधला दांडा वर काढू नका आणि खाली दगडांची पिशवी टांगा. मिरामारच्या किनाऱ्यावर वाऱ्याने आडवा झालेला एक ट्रायपॉड, कॅमेऱ्यासकट, दुरुस्तीला आमच्याकडे आला होता. आता आम्ही वापरलेले ट्रायपॉड दिवसावर भाड्याने देतो. गंमत म्हणजे या भाड्यातून कॉम्बोइतकेच पैसे येतात, फक्त सावकाश.

मागच्या जूनमध्ये माशेलचा एक मुलगा तीन हजार रुपये घेऊन आला. कॅमेरा मामाने दिलेला, कॅननचा १५००डी. त्याला हवा होता एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी गडद काच, हरवळ्याच्या धबधब्याचं पाणी दुधासारखं दिसायला. मी विचारलं, थ्रेड किती, म्हणजे लेन्सला किती मिलिमीटरचा फिल्टर बसतो? त्याला माहीत नव्हतं. लेन्सच्या टोपणाच्या आतल्या बाजूला ५८ लिहिलेलं दाखवलं. मग सांगितलं, तू झाडांच्या सावलीत, ढगाळ दिवशी, पाच वाजल्यानंतर उभा राहा, आयएसओ १००, म्हणजे सेन्सर कमी संवेदनशील, आणि एफ/१६, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, लाव. शटर उघडं ठेवायला अर्धा सेकंद असाच मिळेल, फिल्टर नको. ट्रायपॉड मात्र पाहिजे, तो भाड्याने घे.

त्याचं बिल असं झालं : डबा ३५०, हायग्रोमीटर ३००, सिलिका १५०, कार्ड ७५०, जादा बॅटरी ९००. बॅटरी दुसऱ्या कंपनीची. या कॅमेऱ्याची कॅननची मूळ बॅटरी, एलपी-ई१०, आहे ८६० एमएएचची, तेव्हा त्याच आकाराच्या बॅटरीवर कुणी १५०० छापलं असेल तर ती आम्ही ठेवतच नाही. उरले साडेपाचशे. पोराचं तोंड उतरलं होतं. तीन हजारांत एकही 'भारी' वस्तू नाही. डबा काखेत मारून तो कदंबच्या बसला गेला.

आठवड्याने परत आला. धबधब्याचे फोटो दाखवले, चांगले होते, क्षितिज जरा कललेलं. मग मान खाली घालून म्हणाला, "ताई, अजून एक डबा पाहिजे. पहिल्यात आईने सोलं भरली."

आता डबा विकला की आम्ही झाकणावर जाड मार्करने 'कॅमेरा' असं लिहून देतो.