रंग फास्ट, गाडी फास्ट

सोलापूरच्या पूर्वभागातून आपल्या शाळेत येणाऱ्या आम्हा मुलांपैकी अनेकांच्या घरी तेलुगू बोलली जाई, शेजारी यंत्रमाग खडखडत असत आणि इंग्रजीचे काही शब्द पाठ्यपुस्तकाच्या आधी मागावरच कानी पडत. ‘फास्ट कलर’ हा त्यांतलाच एक. चादर कितीही धुतली तरी रंग जाणार नाही, हा त्याचा अर्थ गिऱ्हाइकालाही ठाऊक असे. ज्याला भरवसा नसे, तो पांढरा रुमाल ओला करून चादरीच्या काठावर घासून पाही.

आठवीत असताना इंग्रजीच्या सरांनी या एका शब्दावर जवळजवळ सबंध तास घेतला. मुंबईची गाडी फास्ट म्हणजे वेगाने धावणारी आणि चादरीचा रंग फास्ट म्हणजे जागचा न हलणारा, मग एकच शब्द अशा उलट्या अर्थांनी कसा चालतो, असे त्यांनी विचारले आणि उत्तरही स्वतःच उलगडले. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ घट्ट, पक्का असाच होता. बांधणे, अडकवणे या अर्थाचे ‘फासन’ त्याच कुळातले, आणि ‘फास्ट अस्लीप’ म्हणजे गाढ झोपलेला, यातही वेगाचा काही संबंध नाही. घट्टपणावरून जोर, मग जोर लावून धावणे आणि पुढे नुसता वेग, अशी त्या अर्थाची वाटचाल झाली.

उपवासाचा ‘फास्ट’ही याच मुळाचा, कारण नेम घट्ट धरणे हा त्यामागचा भाव, हे ऐकून आषाढी एकादशी पाळणाऱ्या घरांतली मुले सावरून बसली. ‘ब्रेकफास्ट’ म्हणजे उपास सोडणे, असे सरांनी सांगताच, मग उपासाच्या दिवशी सकाळी खाल्लेल्या साबुदाण्याच्या खिचडीला ब्रेकफास्ट म्हणावे का, अशी शंका मागच्या बाकावरून आली. सरांनी ती हसण्यावारी नेली नाही, पण निकालही दिला नाही.

एका इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी शब्द लिहून पाठ करण्याची तेव्हा सर्रास पद्धत होती. परीक्षेपुरती ती चालून जाई. परंतु ‘फास्ट’पुढे केवळ ‘जलद’ लिहिणारा मुलगा ‘होल्ड फास्ट’चा अर्थ ‘पटकन धर’ असा लावणार, हे माझ्या मते त्या पद्धतीचे खरे वैगुण्य. वेगाने या अर्थीही ‘फास्ट’च लिहायचे, हा नियम मात्र सरांनी दोन वाक्यांत उरकला, आणि उत्तरपत्रिकेत ‘फास्टली’ दिसले की ते मुकाट्याने काट मारीत.