सालबर्डीचा महादेव: आईला घेऊन, यात्रा उठल्यावर

घरात म्हातारं माणूस असेल आणि त्याला सालबर्डीच्या महादेवाचं दर्शन घडवायचं असेल तर शिवरात्रीच्या यात्रेत नेऊ नका, यात्रा उठल्यावर आठ-दहा दिवसांनी न्या. हे सगळ्यात आधी सांगतो, बाकीचं वाचायला वेळ नसला तरी एवढं लक्षात राहू द्या. आमच्या आईचं सालबर्डीला जाणं लग्न होऊन आली तेव्हापासूनचं, आधी बंडीनं मग एस्टीनं, पण दरवेळी यात्रेतच. आणि यात्रेत काय होतं ते गेलेल्या माणसाला माहीत आहे, भुयारात शिरलं की मागचा लोंढा ढकलतो, पुढचा स्वयंसेवक चला चला करतो, पिंडीला हात लागला न लागला की बाहेर. तिची एकच इच्छा होती की बापू, एकदा तिथं निवांत बसू दे. आता गुडघे कुरकुरायला लागले, अजून दोन-तीन वर्षांनी जमेल की नाही कोणाला ठाऊक, म्हणून यंदा ताई, भाऊजी, भाचा आणि आम्ही असं ठरवूनच निघालो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सालबर्डी म्हणजे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातलं सातपुड्याच्या पायथ्याचं गाव. गावातून माडू नदी वाहते, अलीकडे महाराष्ट्र आणि पलीकडे मध्यप्रदेशातला बैतूल जिल्हा. महादेवाचं भुयार पलीकडच्या डोंगरात, म्हणजे देव मध्यप्रदेशात आणि भक्त बहुतेक आपले वऱ्हाडातले. दुकानदार मराठी-हिंदी दोन्ही एकाच वाक्यात बोलतात, त्यामुळे भाषेची काहीच अडचण नाही. पचमढीचा तो मोठा महादेव आणि हा छोटा महादेव असं आपल्याकडे म्हणतात. ज्याला पचमढी, चौरागड, नागद्वार झेपत नाही तो इथे येतो. भस्मासुर मागे लागला तेव्हा महादेव इथल्या भुयारात शिरले आणि आतल्या आत पचमढीला निघाले अशी कथा आहे, आणि वर चढताना ती कोणी ना कोणी सांगतंच.

कसं जायचं ते पटकन सांगतो. अमरावतीहून मोर्शी साधारण ५५ किलोमीटर, मोर्शीहून सालबर्डी आणखी आठ-दहा. नागपूरकडून येणाऱ्यांनी वरुडवरून मोर्शी गाठायचं. रेल्वे म्हणाल तर नरखेड-अमरावती लाईनवर मोर्शी स्टेशन आहे पण गाड्या मोजक्याच, रेल्वेच्या भरवशावर दिवस आखू नका. यात्रेत एस्टीच्या जादा गाड्या असतात, एरवी मोर्शीहून ऑटो किंवा स्वतःची गाडी बरी. मोर्शीतच पेट्रोल, औषधं, पैसे सगळं बघून घ्या. पैसे रोख आणि सुटे ठेवा, कारण डोंगराजवळ रेंज येते-जाते आणि नारळवाल्या मावशीकडे स्कॅनर असला तरी तुमचा मोबाईल चालला पाहिजे ना. रस्ता सगळा संत्र्याच्या पट्ट्यातून जातो आणि माघ-फाल्गुनात मृग बहराची संत्री निघत असतात. जाताना घेऊ नका, ओझं होतं, परतताना घ्या. चढाईपुरती माणशी दोन मात्र पिशवीत असू द्या, त्या चढावर संत्र्याच्या फोडीनं जो जीव परत येतो तो बाटलीतल्या कोल्ड्रिंकनं येत नाही.

आम्ही पहाटे निघून उजाडता-उजाडता पायथ्याशी होतो. यापेक्षा लवकर चढायला सुरुवात करू नका, अंधारात तर अजिबात नाही. हे सातपुड्याचं जंगल आहे, बिबट्या-अस्वलाचा वावर असतो, आणि मोहाची फुलं गळायच्या दिवसांत अस्वलं पहाटे मोहाखाली येतात हे इथल्या बाया सांगतात आणि ते खरंच आहे. चांगलं उजाडलं की निघा आणि अकराच्या आत वर पोहोचा असा हिशोब ठेवा, कारण फाल्गुनातसुद्धा बारानंतर खडक तापतो आणि पानगळीमुळे सावली उरत नाही.

पायथ्याशी बेल-नारळ विकणाऱ्या एका म्हाताऱ्या मावशीनं आईच्या पायाकडे पाहिलं आणि म्हणाली, "माय, तिकून नोका जाऊ, तिकडचे दगड निसटते. इकून हळूहळू जा, महादेव कोठी पळून चालला?" तिनं दाखवलेली वाट थोडी लांबची होती पण पाय ठेवायला बरी. स्थानिक माणसाला विचारूनच वाट धरा, कारण यात्रेच्या गर्दीनं ठिकठिकाणी आडवाटा पडलेल्या असतात आणि सगळ्या काही चांगल्या ठिकाणी जात नाहीत. वाट म्हणजे कुठे पायऱ्या, कुठे नुसते दगडगोटे, कुठे झाडाच्या मुळ्यांना धरून चढायचं. साग, सालई, धावडा, मधे मधे बेल. पळस नुसता पेटलेला होता त्या दिवशी. यात्रेत हाच डोंगर माणसांनी भरलेला असतो, एक नमन गवरा पार्वती हर बोला हर हर महादेव असा गजर खालून वर जातो आणि वरून खाली येतो, तो ऐकून अंगावर काटा येतो हे खरं. पण तेव्हा झाडं दिसत नाहीत, पुढच्याची पाठ दिसते.

आईच्या चालीनं आम्हाला वर जायला दोन तास लागले. भाचा त्यात वर जाऊन खाली येऊन परत वर गेला असेल. म्हाताऱ्या माणसाची एक पद्धत आम्ही ठरवली होती ती कामी आली. थकल्यावर बसायचं नाही, थकायच्या आधी बसायचं, म्हणजे घड्याळ लावून दर पंधरा-वीस मिनिटांनी सावली दिसली की टेकायचं, दोन घोट पाणी, आणि उठताना घाई नाही. एक माणूस पुढे, एक मागे, आणि हात धरून ओढायचं नाही, तिनं आपल्या खांद्यावर हात ठेवायचा. ओढलं की तोल जातो. बांबूची काठी घ्या, ती चढताना नाही तर उतरताना खरी लागते. नी-कॅप लावत असतील तर खालूनच लावून घ्या. आणि सोमवार असो, प्रदोष असो, बीपी-शुगरची गोळी चुकवायची नाही हे घरूनच कबूल करून घ्या. आईचा सोमवार होता, तिला साबुदाण्याची उसळ आणि उकडलेली रताळी नेली होती, महादेवाला उपाशीपोटी चक्कर येऊन पडलेलं माणूस नको असतं असं ताईनं सांगितल्यावर मग खाल्ली तिनं.

आता भुयाराचं नीट सांगतो, कारण लोक तिथेच घाबरतात. चपला बाहेर, आणि मोजेसुद्धा काढा, ओल्या दगडावर मोजा घसरतो, उघडा पाय धरतो. आत वाकून जावं लागतं, दगड ओला असतो, आणि बाहेरच्या उन्हातून एकदम आत शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. तिथेच उभे राहा, डोळे सरावू द्या, मग पुढचं पाऊल. टॉर्च डोक्याला बांधायचा मिळतो तो घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात, मोबाईलचा टॉर्च धरून एका हातानं उतरणं म्हाताऱ्या माणसाला जमत नाही. ज्यांना दम्याचा त्रास आहे किंवा बंद जागेत जीव घाबरतो त्यांनी गर्दी असताना आत जाऊच नये, धूप-कापराचा धूर कोंडतो आणि हवा कमी पडते. आपणही आत कापूर लावू नका, उदबत्ती बाहेर दाखवली तरी देवाला पोहोचते. नारळ बाहेर फोडा, आत पाण्यानं आधीच निसरडं असतं त्यात नारळाचं पाणी आणि शेंड्या कशाला.

आत पिंडीवर वरच्या खडकातून पाणी टपकतं. अभिषेकाचं भांडं टांगलेलं नाही, नळी नाही, खडकच ते करतो. यात्रेत हे कळतसुद्धा नाही कारण आवाजच एवढा असतो. त्या दिवशी आमच्याशिवाय आत फक्त एक जोडपं होतं, ते गेल्यावर आम्हीच. आई भिंतीला टेकून बसली. छताला एक थेंब जमायचा, फुगायचा, टॉर्चच्या उजेडात त्याच्या पोटात बारीक चमक दिसायची, मग तो सुटायचा आणि तिनं वाहिलेल्या बेलाच्या पानावर टप्प करून पडायचा, पान जरासं हलायचं. परत पुढचा थेंब जमायला लागायचा. आई ते बघत किती वेळ बसली मला सांगता येणार नाही, तिला कोणी उठ म्हणालं नाही. मग तिनं ओंजळ धरली, जमलं तेवढं पाणी डोळ्यांना लावलं आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर हात फिरवला. एवढ्या वर्षांत देव पहिल्यांदा दिसला रे, असं म्हणाली. याच्यासाठी म्हणून मी गर्दीचा दिवस टाळा म्हणतो.

उतरताना घाई करू नका, गुडघ्याला खरा मार उतरतानाच बसतो. उंच दगड आला की म्हाताऱ्या माणसाला सरळ बसून, आडवं होऊन उतरू द्या, त्यात लाजायचं काही नाही. पाणी माणशी दोन लिटर लागतंच, वर मिळेल या आशेवर राहू नका. एखादं ओआरएसचं पाकीट ठेवा. वानरं आहेत, पिशवी उघडी ठेवू नका आणि त्यांना खाऊ घालू नका, पुण्य वाटतं पण त्यानंच ती माणसाच्या अंगावर यायला शिकतात. कड्यांना आग्या माश्यांची मोहळं असतात, त्यामुळे जंगलात धूर करायचा नाही, फटाके नाही, मोठ्यानं स्पीकर नाही, भडक सेंट मारून जायचं नाही. माश्या उठल्या तर हात हलवत बसू नका, दुपट्ट्यानं तोंड-डोकं झाकून तिथून लांब निघा. आणि बिडी-काडी तर नकोच. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ वनखात्याच्या हिशोबात असतो, शिवरात्र बरोबर त्याच्या तोंडाशी येते आणि खाली वाळलेल्या सागाच्या पानांचा थर घोटाभर असतो. एक काडी पुरते.

यात्रा उठल्यानंतर वाटेवर प्लास्टिक पडलेलं दिसतं, द्रोण, पाण्याचे पाउच, प्रसादाच्या पिशव्या, आणि ते बघून फार वाईट वाटतं. आम्ही दोन सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या नेल्या होत्या, उतरताना भरत आलो. तुम्ही नेलीत तर चांगलंच, निदान आपलं आणलेलं तरी खाली घेऊन या. रोडग्याचा, म्हणजे गोवऱ्यांत भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांचा, बेत असेल तर तो डोंगरावर नाही, खाली मोकळ्या जागेत, आणि निघताना गोवऱ्यांवर पाणी ओतून राख हातानं चाचपून बघा. आम्ही त्या भानगडीत पडलोच नाही, घरून भाकरी, ठेचा, झुणका नेला होता, नदीकाठी बसून जेवलो.

जेवण झाल्यावर लगेच पळू नका, सालबर्डीत अजून बरंच आहे. सीतेची न्हाणी म्हणून जागा आहे, सीतामाई वनवासात इथे राहिली आणि लव-कुश इथले असं जुनी माणसं सांगतात. डोंगरात जुनी कोरलेली बौद्ध लेणी आहेत. महानुभावांसाठी तर हे ठिकाण फारच मोलाचं, चक्रधर स्वामींनी याच सालबर्डीच्या डोंगरात एकांतात काळ घालवला, आणि त्यांचे गुरू गोविंदप्रभू ज्या रिद्धपूरचे ते याच मोर्शी तालुक्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठही सुरू झालंय. अमरावतीकडे परतणार असाल तर रिद्धपूर करूनच जा. भाच्याला सगळ्यात आवडलं ते वेगळंच, या भागातल्या लॅमेटा नावाच्या खडकात डायनासोरच्या अंड्यांचे जीवाश्म सापडलेत, साडेसहा-सात कोटी वर्षांपूर्वीचे. तो प्रत्येक गोल दगड उचलून मला दाखवत होता. लेकरं सोबत असतील तर त्यांना हे आधी सांगा, चढ जाणवत नाही त्यांना. पण तसं काही दिसलं तर फोटो काढा, उकरू नका आणि घरी आणू नका.

पावसाळ्यात म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. हिरवंगार दिसतं, फोटो छान येतात, पण दगड शेवाळतात आणि माडूचं पाणी डोंगरात पाऊस झाला की बघता बघता चढतं. उन्हाळ्यात एप्रिल-मे तर विचारच नको. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत बरं, त्यातही सोमवार सोडून मधला वार घेतला तर आणखी शांत. आम्ही आईच्या हट्टामुळे सोमवार धरला.

आणि ज्यांना यात्रेतच जायचंय, ज्यांचा नवस आहे, त्यांनी निदान एवढं करा, शिवरात्रीच्या दिवसाऐवजी आदल्या दिवशी पहाटे किंवा यात्रा उतरणीला लागल्यावर जा. लेकरांच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी ठेवा, आईबापांच्याही ठेवा, पदराला सोनं बांधून नेऊ नका, आणि चुकामूक झाली तर कोणत्या झाडाखाली किंवा कोणत्या दुकानापाशी भेटायचं ते वर चढायच्या आधी सगळ्यांना दाखवून ठेवा, कारण फोन लागत नाही. कोणाला काही झालंच तर १०८ ची गाडी दोन्ही राज्यांत आहे, पण ती पायथ्यापर्यंतच येणार, तिथवर माणूस आपल्यालाच उतरवायचा असतो, तेव्हा सोबत दोन दणकट पोरं असलेली बरी. एस्टीनं आला असाल तर उतरल्या उतरल्याच कंडक्टरला परतीच्या शेवटच्या गाडीचा टाईम विचारून घ्या आणि तिच्या आधीची गाडी धरा.