भेगेतून वर आलेले पाणी

अमेरिकेत मिनियापोलिसच्या परिसरात डांबरी ड्राइव्हवेवर (रस्त्यापासून गॅरेजपर्यंतच्या वाटेवर) सीलकोट, म्हणजे वरचा पातळ संरक्षक थर, लावण्याचा हंगाम मेच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात संपतो. आम्ही वापरतो ते डांबराचे इमल्शन असते, म्हणजे पाण्यात विखुरलेले डांबराचे अतिसूक्ष्म कण, आणि त्यातले पाणी उडून गेल्याशिवाय ते कण एकमेकांना धरून सलग थर तयार होत नाही. त्यासाठी हवा आणि जमीन दोन्ही 50 अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे 10 अंश सेल्सिअसच्या वर असावी लागतात, थर दिल्यावर किमान एक दिवस पाऊस चालत नाही आणि रात्री पारा फार उतरूनही चालत नाही. ऑक्टोबरमध्ये असे दिवस मोजकेच मिळतात, म्हणून त्या काळात येणाऱ्या प्रत्येक फोनमध्ये घाई असते. बर्फाचा भरवसा इथे कोणी देत नाही. 1991 साली ऐन हॅलोवीनला, म्हणजे 31 ऑक्टोबरला, सुरू झालेल्या वादळाने मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांवर 28 इंचांहून अधिक बर्फ टाकले होते, आणि इथली जुनी माणसे आजही त्याचा दाखला देतात.

मी मूळची सांगलीची. स्थापत्य अभियांत्रिकी शिकून काही वर्षे तिकडे रस्त्यांच्या कामांवर काढली, आणि इथे आल्यानंतर ड्राइव्हवे व पार्किंगच्या डांबरी कामांची दुरुस्ती करणाऱ्या एका लहान कंपनीत पाहणीचे आणि देखरेखीचे काम करते. ज्या दिवसाबद्दल लिहीत आहे, त्या दिवशीचे गिऱ्हाईक मराठी होते. मंडळाच्या गणेशोत्सवात ओळख झालेले, मेपल ग्रोव्ह या उपनगरात बरीच वर्षे राहणारे, निवृत्त झालेले काका. फोनवर त्यांनी एवढेच सांगितले होते, “अगं, थंडीच्या आत तेवढा काळा हात मारून दे. बाकी काही नको.”

ड्राइव्हवे साधारण 20 फूट रुंद आणि 50 फूट लांब होता, म्हणजे 1000 चौरस फूट. एका थराला दहा-बारा गॅलन माल लागतो, दोन थरांचे काम दुपारपर्यंत उरकावे, असा हिशेब करून आम्ही सकाळी पोहोचलो. लांबून तो काळाभोर आणि चांगल्या स्थितीतला दिसत होता. जवळ गेल्यावर मात्र लक्षात आले की तो काळेपणा डांबराचा नसून जुन्या सीलकोटच्या थरांचा होता. एक कंत्राटदार कित्येक वर्षे दर उन्हाळ्यात येऊन एकावर एक थर चढवून गेला होता. चाकांच्या पट्ट्यांत त्या थरांचे पापुद्रे सुटत होते आणि इतरत्र त्यांच्यावर बारीक जाळी पडली होती.

सीलकोटचे काम नेमके काय, हे इथे सांगायला हवे, कारण त्या दिवशीचा सगळा प्रश्न त्याच्याशीच जोडलेला होता. डांबर उन्हाने आणि हवेतल्या ऑक्सिजनने वर्षागणिक कडक होते, त्यातले हलके तेलकट घटक कमी होतात, लवचिकपणा जातो, वरची बारीक वाळू निघून खडी उघडी पडू लागते आणि पृष्ठभागाची छिद्रे मोठी होतात. त्या छिद्रांत शिरलेले पाणी गोठताना आकाराने सुमारे 9 टक्के वाढते, आणि एका हिवाळ्यात हे गोठणे-वितळणे अनेकदा होते. सीलकोट ऊन, हवा, गळलेले तेल आणि वरून मुरणारे पाणी यांना अडवतो. हे मोलाचे काम आहे आणि ते तो उत्तम करतो. पण दोन थर मिळूनही तो वाळल्यावर एक मिलिमीटरपेक्षा पातळ असतो. त्याने ड्राइव्हवेची ताकद वाढत नाही, पाव इंचाची भेग बुजत नाही, आणि खालच्या खडीच्या थरावर तर त्याचा काहीच परिणाम होत नाही. दर वर्षी थर चढवला तर जाडी वाढते, आणि जाड थर थंडीत आखडून स्वतःच तडकतो व सोलवटतो. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे, असे आम्ही सांगतो.

आम्ही कडेचे गवत छाटले, झाडून घेतले आणि भेगा साफ करायला ब्लोअर लावला. भेगेतून नेहमी धूळ, सुकी पाने, मुंग्यांची वारुळे असे काही तरी उडते. गॅरेजच्या डाव्या कोपऱ्यापाशी मात्र ब्लोअरच्या झोताबरोबर राखाडी, गारेगार चिखल उडाला आणि माझ्या सहकाऱ्याच्या उंच बुटांवर पसरला. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. त्या जागी सुमारे 6 फूट बाय 8 फुटांच्या भागात एकमेकींना मिळालेल्या भेगांचे जाळे होते, ज्याला या व्यवसायात मगरीची कातडी म्हणतात. अशा भेगा पडल्या की बहुतेक वेळा खालचा पाया दुबळा झालेला असतो. मी त्यातल्या एका तुकड्यावर पाय देऊन भार टाकला, तेव्हा शेजारच्या भेगेतून पाणी वर आले.

मी माणसांना मालाची टाकी उघडू नका असे सांगितले आणि काकांना बाहेर बोलावले.

“काका, हे पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय मी यावर काही लावणार नाही.”

“अगं, पण तेच तर! काळं केलं की पाणी आत जाणार नाही, म्हणूनच तर लावायचं ना?”

“वरून येणारं पाणी थांबेल, काका. हे खालून येतंय. वरून झाकलं तर ते सुकायची होती नव्हती ती वाटही बंद होईल, आणि लावलेला थर ओलीमुळे पकडणारसुद्धा नाही.”

काकांना ते पटले नाही, आणि त्यांची नाराजी मला समजत होती. हंगामाचे शेवटचे कोरडे दिवस हातचे जात होते आणि दारात आलेली गाडी काम न करता परत जाण्याची भाषा करत होती. तेवढ्यात चहा घेऊन बाहेर आलेल्या काकूंनी सहज एक गोष्ट सांगितली. दर जानेवारीत गॅरेजचे दार खाली फरशीला बर्फाने चिकटते, काका त्यावर गरम पाणी ओततात, आणि मार्च उजाडला की दारासमोर डांबराचा उंचवटा आलेला असतो, त्यात बर्फ काढायचे फावडे अडकते. एप्रिलअखेर तो उंचवटा आपोआप बसतो. दार दुरुस्त करणाऱ्याला त्यांनी अनेकदा बोलावले होते, पण दारात दोष निघत नव्हता. काकूंच्या त्या दोन-चार वाक्यांत सगळे निदान आले होते.

उंचवटा का येतो, याचे कारण जमिनीच्या आत असते. या भागात हिवाळ्यात जमीन खोलवर गोठते. घराचा पाया किती खोल असावा याचा मिनेसोटा राज्याचा नियमच दक्षिण भागात 42 इंच आणि उत्तरेत 60 इंच सांगतो, तो त्यामुळेच. माती बारीक पोताची, गाळवट असली आणि जवळपास पाणी असले, तर गोठत चाललेला थर खालचे पाणी वर खेचत राहतो आणि मातीत बर्फाचे पातळ आडवे पापुद्रे वाढत जातात. नुसत्या 9 टक्के फुगण्याने जमीन इतकी उचलली जात नाही. ती उचलते सतत खेचल्या जाणाऱ्या पाण्यामुळे. पुढे वसंतात बर्फ वरून खाली वितळते, खालची जमीन अजून गोठलेलीच असते, त्यामुळे मोकळे झालेले पाणी मधल्या खडीत कोंडते आणि त्या आठवड्यांत रस्त्याचा पाया सर्वांत दुबळा असतो. म्हणूनच मिनेसोटात दर वसंतात अनेक रस्त्यांवर जड वाहनांच्या वजनावर तात्पुरती मर्यादा घालतात. काकांच्या ड्राइव्हवेचा तसा दुबळा झालेला पाया मोडायला रोज ये-जा करणारी गाडीही पुरेशी होती.

पाण्याचा उगम शोधायला फार वेळ लागला नाही. छपराच्या पन्हळीचे पाणी खाली आणणारा नळ गॅरेजच्या त्याच कोपऱ्यावर होता आणि जमिनीत पुरलेल्या प्लास्टिकच्या नळीला जोडलेला होता. ती नळी ड्राइव्हवेच्या कडेखालून समोरच्या हिरवळीपर्यंत जात असावी, असे काकांना वाटत होते. आम्ही बागेचा पाइप त्या नळात सोडला. हिरवळीच्या टोकाला काहीच आले नाही, आणि काही मिनिटांत मगरीच्या कातडीच्या तीन भेगांतून पाणी झिरपू लागले. काका वाकून पाहत उभे राहिले. मग ते शांतपणे म्हणाले, “म्हणजे छपराचं सगळं पाणी मी इतकी वर्षं इथंच पाजत होतो. काय करायचं ते सांग.” कडेला खणल्यावर नळी चाकाखाली दबून फुटलेली सापडली.

त्या दिवशीचे पुढचे काम सीलकोटचे राहिले नाही. पुरलेली नळी आम्ही कायमची बंद केली आणि नळाचे तोंड फिरवून पाणी जमिनीवरूनच, घरापासून दूर उतार असलेल्या बाजूला नेले. जमिनीवरची नळी दिसायला बरी नसते, पण ती बिघडली तर लगेच दिसते, आणि या थंड प्रदेशात मला तीच अधिक भरवशाची वाटते. खराब भाग करवतीने सरळ रेषेत कापला. तुकडे हातानेच उचलले गेले. त्यांच्या खालच्या बाजूची खडी जवळजवळ उघडी होती, पाण्याने तिच्यावरचे डांबर सोलून काढले होते. अशी खडी मी आमच्याकडे पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत कितीदा तरी हातात घेतलेली आहे. तिथे बर्फ नसते, पण पाणी तुंबलेल्या जागी वाहनांचे दाब बसत राहिले की डांबर आणि खडीची पकड सुटते. सांगलीत रस्त्याच्या कामावर पहिल्यांदा शिकले ते उतार आणि गटार, आणि मेपल ग्रोव्हमध्येही उपयोगी पडले तेच.

खालचा गाळ आम्ही काढून टाकला. खड्डा उघडा ठेवून कोरडा होऊ दिला आणि त्याच आठवड्यात परत येऊन फोडलेली स्वच्छ खडी थराथराने दाबून भरली, कडांना टॅक कोट, म्हणजे चिकटण्यासाठीचा डांबराचा पातळ हात, लावून हॉटमिक्स, म्हणजे गरम डांबर-खडीचे मिश्रण, घातले आणि रोलर फिरवला. हॉटमिक्सचे कारखाने थंडीत बंद होतात, त्यामुळे हे काम वसंतावर ढकलणे शक्य नव्हते. बाकीच्या कोरड्या भेगा तापवलेल्या रबरमिश्रित डांबराने भरल्या. भेगा भरण्यास शरद ऋतू चांगला असतो, कारण थंडाव्याने भेग मध्यम उघडलेली असते आणि मसाला उन्हाळ्यात चिरडला जात नाही, की हिवाळ्यात फार ताणलाही जात नाही. सीलकोट मात्र लावला नाही. नवीन डांबराला आधी काही महिने हवा मिळावी लागते, त्याआधी झाकले तर ते मऊ राहते.

जुन्या थरांविषयीही मला निर्णय घ्यायचा होता. घर जुने असल्याने तळाचे थर कोलटारचे, म्हणजे दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबरासारख्या पदार्थाचे, असण्याची शक्यता होती. अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेच्या अभ्यासांनुसार कोलटारच्या सीलकोटमध्ये आरोग्याला घातक असलेल्या काही संयुगांचे प्रमाण डांबरी सीलकोटच्या सुमारे 1000 पट असते, आणि चाकांनी झिजलेली त्याची धूळ घरांत, ओढ्यांत आणि तळ्यांत जाते. टेक्सासमधील ऑस्टिन शहराने 2006 मध्ये त्यावर बंदी घातली, मिनेसोटाची राज्यव्यापी बंदी 1 जानेवारी 2014 पासून आहे. मी थोडा पापुद्रा खरवडून मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचे द्रावण) भरलेल्या काचेच्या बाटलीत टाकला. डांबरी थर त्यात विरघळून द्रव गडद काळपट करतो, कोलटार फारसे विरघळत नाही. वरचे थर विरघळले, सर्वांत खालचा नाही. म्हणून सुटलेले पापुद्रे पाण्याच्या झोताने धुऊन रस्त्याच्या गटारात सोडण्याऐवजी आम्ही ते ओले करून खरवडले, गोळा केले आणि पिशव्यांत भरून नेले. इथल्या गटारांचे पाणी तळ्यांत जाते, आणि त्या तळ्यांत मुले पोहतात.

त्या हिवाळ्यात मी काकांकडे गेले नाही. मार्चच्या अखेरीस, दिवसा वितळते आणि रात्री गोठते अशा दिवसांत, काकूंचा फोन आला. गॅरेजचे दार एकदाही चिकटले नव्हते आणि दारासमोर उंचवटा आला नव्हता. जुलैमध्ये आम्ही टाकी घेऊन पुन्हा गेलो. पृष्ठभाग साफ करून, तेलाच्या डागांवर प्रायमर मारून, पकडीसाठी वाळू मिसळलेले डांबरी इमल्शन दोन पातळ थरांत दिले. पहिला थर स्क्वीजीने (रबरी पट्टीच्या दांड्याने) आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. नव्या तुकड्याची आणि जुन्या भागाची सांधरेषा मी स्वतः ब्रशने भरली. दोन दिवस गाडी वर आणू नका, असे सांगून मी दोरी बांधत होते, तेव्हा काका म्हणाले, “आता पुढच्या उन्हाळ्यात कोणत्या महिन्यात येशील? आधीच नाव लावून ठेवतो.”

“पुढच्या नाही, काका. अजून तीन वर्षांनी. मधल्या काळात दर शरदात भेगा बघा आणि पन्हळीतली पाने काढा. ड्राइव्हवेवर थोडं पाणी टाकून बघा. ते वर थेंबांनी उभं राहिलं तर काही करू नका, मुरायला लागलं की फोन करा.”