टेस्लाचा शेअर आणि बँकेतला ए-टू फॉर्म

टेस्लाचा शेअर घ्यावा की नाही हे ठरवायला कंपनीचा वार्षिक अहवाल पुरला. पैसे अमेरिकेत पोचवताना मात्र बडोद्यातल्या आमच्या बँकेच्या शाखेने डोकं उठवलं. अजून राग गेलेला नाही, म्हणून तेच आधी सांगतो.

ब्रोकरचं खातं घरबसल्या उघडतं. पैसे रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या सवलतीखाली, जातात, माणशी आर्थिक वर्षाला २,५०,००० डॉलरपर्यंत, आणि त्यासाठी ए-टू फॉर्म, म्हणजे पैसे कशासाठी पाठवतोय याचं घोषणापत्र, लागतं. शाखेतल्या लोकांच्या हातून हे फॉर्म जातात ते मुलांच्या फीचे, नाहीतर नातेवाइकांच्या खर्चाचे. त्यामुळे माझ्यापुढे सहीला आलेल्या फॉर्मवर पर्पज कोड (पैसे कशासाठी जातात त्याचा संकेतांक) होता एस १३०१, म्हणजे नातेवाइकांचा खर्च. शेअरसाठी एस ०००१ लागतो. अशा फॉर्मवर सही करू नका. घोषणा तुमची असते, फेमाखाली (परकीय चलनाचा कायदा) उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं.

मग मागितलं इन्व्हॉइस. शेअरखरेदीला इन्व्हॉइस नसतं. आधी पैसे पोचतात, मग ऑर्डर टाकता येते. हे काउंटरवर कितीही समजावलं तरी ‘नियम आहे’ एवढंच उत्तर. असा नियम नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे तो खातं निदान वर्षभर जुनं असण्याचा; नवं असेल तर मागच्या वर्षाचं बँक स्टेटमेंट, ते नसेल तर इन्कम टॅक्सचं रिटर्न. शेवटी ब्रोकरच्या ॲपमधलं खात्याचं स्टेटमेंट आणि वायर ट्रान्सफरच्या सूचनांचं पान छापून दिलं, त्यावरचं नाव पॅनशी जुळवून दाखवलं, तेव्हा कागद फॉरेक्स विभागाकडे गेले. ही दोन पानं पहिल्याच खेपेला न्या.

वायर ट्रान्सफरच्या सूचनांच्या पानावर ‘फॉर फर्दर क्रेडिट’ (पुढे कोणाच्या खात्यात जमा करायचं) अशी ओळ असते. पैसे आधी ब्रोकरच्या बँकेतल्या सामायिक खात्यात पडतात. तुमचा खाते क्रमांक या ओळीत नसेल तर ते कोणाचे हे कळत नाही आणि शुल्क कापून परत येतात. बँकेने तिकडे पाठवलेल्या संदेशाची, म्हणजे स्विफ्टची, प्रत मागून तो क्रमांक अंक-अंक तपासा. डॉलरचा भावही सहीआधी लेखी घ्या, कारण बँकेचा छापील भाव, म्हणजे कार्ड रेट, घासाघीस केल्यावर उतरतो. मधल्या बँकेचं शुल्क आपण भरायचं असेल तर फॉर्मवर ‘अवर’ (OUR, म्हणजे शुल्क आमचं) लिहून घ्या, नाहीतर तिकडे रक्कम कमी पोचते. वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (बँक आधीच कापून घेते तो कर) नाही, वरच्या रकमेवर २० टक्के. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

आता शेअरबद्दल. २०२४मध्ये टेस्लाने १७.८९ लाख गाड्या दिल्या, २०२३च्या १८.०९ लाखांपेक्षा कमी. निव्वळ नफा सुमारे ७१० कोटी डॉलर. त्याच वर्षी प्रदूषण-नियमांची क्रेडिट्स (नियम पाळल्याचे गुण; ज्यांना ते कमी पडतात ते दंड टाळायला विकत घेतात) दुसऱ्या कंपन्यांना विकून २७६ कोटी डॉलर आले आणि त्यावर खर्च जवळपास काहीच नाही. २०२५मध्ये अमेरिकेने मायलेजचे नियम मोडल्याचा दंड शून्यावर आणला, म्हणजे ही कमाई आटणार. उलट वीज साठवण्याच्या बॅटऱ्यांचा धंदा २०२४मध्ये दुपटीहून वाढून ३१.४ गिगावॅट-तासांवर गेला. माझ्या मते आजच्या भावात चालकाविना धावणाऱ्या टॅक्सीची आशा फार मोठी आहे. म्हणून मी थोडेच शेअर घेतले, आणि भाव पडला म्हणून आणखी घ्यायचे नाहीत असं ठरवलं. लाभांश मिळत नाही, घरात नियमित पैसा हवा असेल तर हा शेअर नको.

राहिलंच होतं: पाठवलेले पैसे १८० दिवसांत गुंतवले नाहीत तर परत आणावे लागतात. शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के कर, आधी विकला तर स्लॅबप्रमाणे. रिटर्नमध्ये शेड्यूल एफए (परदेशातल्या मालमत्तेचा तक्ता) भरावं लागतं, तेही जानेवारी ते डिसेंबर या वर्षाचं. एकच शेअर असला तरी. त्यामुळे रिटर्नचा साधा फॉर्म, आयटीआर-१, चालत नाही.