दोन इंच पिवळा

चित्र विकलं गेलं. घरात सगळे खूश आहेत. आईने तर मावशीलाही कळवून टाकलं. आणि मी सकाळपासून त्या दोन इंचांवर अडून बसलेय.

कॅनव्हास मी नेहमीसारखा भिंतीला ठोकूनच रंगवला होता. मागे मार्करने माप लिहिलं होतं, 36 बाय 48 इंच. फ्रेमच्या दुकानात चौकट निघाली 46 ची. त्यांनी उजवा काठ सरळ मागे वळवला आणि पिना मारल्या. मी बोलले, तर दुकानदार म्हणे, "काठ तं दुमडावाच लागते नं मॅडम. उलट भरल्यासारखं दिसते." दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. लावलं तसंच.

त्या काठावर पिवळा होता. खाली लेमन यलोचा पातळ हात, वर कॅडमियम यलो, आणि तो ओला असतानाच वरून खाली पॅलेट नाइफची एक सलग ओढ. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, चालू होता, अ‍ॅक्रिलिक ताटलीतच सुकून चामडं होत होतं. कूलरची दमट हवा थेट कॅनव्हासवर घेतली तेव्हा कुठे नाइफ चालली आणि खालचा लेमन रेघारेघांनी वर आला. डावीकडून अंगावर येणारा सगळा लाल आणि मरून रंग त्या पट्टीशी येऊन थांबायचा. माझं चित्र तिथे पुरं होत होतं.

घेणाऱ्या डॉक्टरबाई बराच वेळ समोर उभ्या होत्या. म्हणाल्या, "हा लाल थांबतच नाही हो." त्यांना नेमकं तेच आवडलं.

मग त्यांनी घेतलं ते चित्र कोणाचं? एवढा जीव काढून केलेल्या पिवळ्याची उणीव कोणालाच भासली नाही. एकालाही नाही. आमच्या कामाचं हे असंच का व्हावं? लग्नाच्या फोटोतून कोणी दोन इंच उडवले असते तर घर डोक्यावर घेतलं असतं.

चित्रकार रझा 1939 ते 43 आपल्या नागपूरच्याच स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. त्यांच्या बिंदूच्या, म्हणजे मधल्या मोठ्या गोलाच्या, कितीतरी चित्रांना चहूबाजूंनी रंगीत पट्ट्यांचा काठ आहे. तो दुमडला तर बिंदू कशाच्या मधोमध राहील?

आणि चित्रकार गायतोंडे. 1924 चा जन्म नागपूरचा, म्हणून इथे अमूर्त म्हटलं की त्यांचं नाव निघतंच. त्यांचं 1970 चं चित्र 2025 च्या लिलावात 67 कोटींवर गेलं, ती बातमी दादाने मला पाठवली होती, खाली नुसता अंगठा. बाबांनी त्याच संध्याकाळी ए.टी.डी.चा, म्हणजे कलाशिक्षकाच्या डिप्लोमाचा, विषय काढला. असो. मला गायतोंड्यांमधलं ओढून घेतं ते वेगळंच. रोलरने, नाइफने थरावर थर चढवायचे, लावलेला रंग काढायचे, आणि वर्षाला मोजकीच चित्रं करायचे. पण काय काढून टाकायचं ते त्यांनी ठरवलेलं असायचं. माझा रंग दुसऱ्याने पिनांखाली दाबला.

मघाशी मोबाइलमधला जुना फोटो काढला, चौकट लागायच्या आधीचा. अंगठ्याने पिवळा झाकून पाहिला. लाल खरंच थांबत नाही. उजवीकडे भिंतीत निघून जातो. वाईट नाही दिसत. हे लिहिताना त्रास होतोय, पण नाहीच दिसत. बाजूने पाहिलं तर चौकटीच्या जाडीवर पिवळ्याची एक पट्टी तेवढी दिसत असेल. डॉक्टरबाई सोफ्यावर बसल्या तर त्यांना ती रोज दिसेल, हेही आत्ताच लक्षात आलं.

उद्या त्यांना फोन करून सांगणार आहे की पिना काढल्या तर चित्र अजून दोन इंच आहे, आणि चौकट बदलून हवी असेल तर मी देते. नको म्हणाल्या तर नको, त्यावर वाद घालणार नाही. पुढच्या कॅनव्हासच्या चौकटीच्या पट्ट्या मात्र लकडगंजच्या लाकूडबाजारातून मी स्वतः उभी राहून कापून आणणार, आणि आधी ताणून मगच रंग लावणार. 48 म्हणजे 48.