तुम्ही विचारलंत म्हणून: घराचा मस्तक रोज नेमकं करतो काय?

ख्रिस्ती घरात बाळाचा बाप्तिस्मा किंवा समर्पण होतं, पाळक (चर्चचे धर्मगुरू) आईवडिलांकडून वचन घेतात, जेवणं उरकतात. मग पंधरा दिवसांत तरुण बाप हा प्रश्न घेऊन येतो : "शास्त्रात, बायबलात, लिहिलंय, बाप घराचा मस्तक. मान्य. पण म्हणजे मी करायचं काय?" यातला 'करायचं काय' हा भाग मोलाचा आहे. एरवी ही चर्चा अधिकारावर सुरू होते आणि तिथेच संपते, म्हणून अधिकाराचं आधी उरकून घेऊ.

इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातलं 23वं वचन, पती पत्नीचं मस्तक असल्याचं, पुरुषांना पाठ असतं. त्याच्या दोनच वचनं आधी, 21व्यात, एकमेकांच्या अधीन राहा असं पत्र लिहिणारा प्रेषित पौल सांगतो. त्याच्याही आधी, 18व्यात, दारू पिऊन मस्त होऊ नका असं आहे. पत्नींना उद्देशून 22 ते 24 अशी तीन वचनं आहेत. पतींशी बोलणं 25व्यापासून सुरू होतं ते जवळजवळ अध्याय संपेपर्यंत चालतं, आणि तिथे माप दिलंय ते मंडळीसाठी, म्हणजे चर्चसाठी, स्वतःला देऊन टाकणाऱ्या ख्रिस्ताचं. ज्याला 23वं वचन घरात ऐकवायचंय त्याने 18 ते 33 सलग वाचावं, बायकोसमोर, मोठ्याने. त्यानंतर सहसा ऐकवायची हौस उरत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो. घरातलं मस्तकपण असंच तपासावं. मूल रात्री तापाने फणफणलं तर कोण उठतं? पैसे कमी पडले की कोणाची खरेदी आधी रद्द होते?

आता काम. जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात, सातव्या वचनात, देवाच्या आज्ञा मुलांना कधी शिकवायच्या याच्या चार वेळा दिल्या आहेत : घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. यात व्यासपीठ कुठेच नाही. चारांपैकी 'घरी बसलेले असताना' म्हणजे आपली कौटुंबिक प्रार्थना. बापाने पहिली पकडायची ती हीच वेळ.

पंधरा मिनिटं पुरतात. मुलं सात वर्षांच्या आतली असतील तर दहाच. जेवणाआधी बसा. जेवणानंतर लहान पेंगतात, मोठे फोन घेतात आणि बाप स्वतःच जांभया देतो. सुरुवातीला 'उपासना संगीत' या आपल्या मराठी गीतपुस्तकातल्या एका गीताची दोन कडवी, सगळी पाच नकोत. रेव्हरंड ना. वा. टिळकांची गीतं मुलांना चालीमुळे आधी पाठ होतात आणि अर्थ नंतर कळतो. त्यात बिघडत काही नाही. मग दहा-बारा वचनांचं वाचन, त्यावर एकच प्रश्न, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. रोज होणार नाही. आठवड्यातून चार दिवस ठरवून ते पाळलेले, सात दिवस ठरवून तिसऱ्या आठवड्यात मोडण्यापेक्षा बरे.

वाचायचं काय, इथे पुष्कळ घरं घसरतात. उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून प्रकटीकरणापर्यंत जायचा संकल्प सोडला जातो, आणि गाडी 'लेवीय' या तिसऱ्या पुस्तकातल्या होमार्पणांच्या नियमांत रुतते. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत, प्रसंग भराभर पुढे सरकतात, आणि बारा वचनांच्या हिशेबाने, आठवड्याला चार दिवस धरले तर, साडेतीन महिन्यांत पूर्ण होतं. मग उत्पत्ती 37 ते 50, योसेफाची गोष्ट. त्यातला 38वा अध्याय यहूदा आणि तामारेचा आहे, तो लहान मुलं असताना वगळा. त्यानंतर रूथ, चारच अध्याय. मग दानीएलाचे पहिले सहा. डिसेंबरात लूक घ्या. त्याचे 24 अध्याय 1 तारखेपासून रोज एक वाचले तर नाताळच्या आदल्या रात्री पुनरुत्थानापर्यंत पोचता. फक्त लूकाचे अध्याय लांब आहेत. मुलं लहान असतील तर त्यातला एकेक प्रसंगच वाचा.

भाषेचा प्रश्न आता जवळपास प्रत्येक घरात आहे. पुण्या-मुंबईतली इंग्रजी माध्यमाची मुलं देवनागरी अडखळत वाचतात, आणि जुन्या भाषांतरातले 'तेणेकरून', 'जेणेकरून' आले की थांबतात. त्यांना वाचायला लावून सगळ्यांसमोर अडखळू देऊ नका. मुलाने इंग्रजीत वाचावं, आईने किंवा बापाने तेच वचन मराठीत. सोप्या मराठीतली भाषांतरं छापील मिळतात, फोनवरही मिळतात. मात्र घरात एक छापील शास्त्र उघडलेलं असू द्या, कारण फोनवर वचन शोधताना वरून मेसेज उतरतो आणि बापाची नजर तिकडे जाते. मुलं ते बघतातच.

वाचून झाल्यावर 'यातून काय शिकलो?' असं विचारू नका. 'देवावर प्रेम करावं' हे उत्तर रविवारच्या शाळेत जाणारं प्रत्येक मूल झोपेतही देतं. त्यापेक्षा विचारा : यात घाबरलं कोण? खोटं कोण बोललं? तू तिथे असतास तर कोणाच्या बाजूला उभा राहिला असतास? उत्तर चुकीचं वाटलं तरी तिथल्या तिथे दुरुस्त करू नका.

सगळ्यात मोठी चूक प्रार्थनेतच होते. "प्रभू, आमच्या या लेकराला मोबाईल सोडून अभ्यास करायची बुद्धी दे." हे देवाशी बोलणं नाही, डोळे मिटून मारलेला टोमणा आहे. मुलाला तो बरोबर लागतो, आणि पुढच्या वेळेपासून प्रार्थनेला हाक मारली की त्याचं पोट दुखू लागतं. मुलाबद्दलची तक्रार मुलाला स्वतंत्र सांगा. त्याच्यासमोर प्रार्थना करताना त्याच्यासाठी उपकार माना, त्याच्या परीक्षेसाठी मागा आणि स्वतःच्या रागासाठी क्षमा मागा.

आणखी एक. अनेक घरांत ही प्रार्थना आधीपासून आई चालवत असते, कधी आजी. पौल आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाबद्दल लिहितो तेव्हा नाव घेतो ते आजी लोइस आणि आई युनीके यांचं. बाप ग्रीक होता, एवढंच प्रेषितांची कृत्ये सांगतं. तेव्हा एखादं प्रवचन ऐकून उत्साहात आलेल्या बापाने बायकोच्या हातातून शास्त्र काढून घेऊ नये. तिला विचारावं, काय चाललंय, कुठवर आलंय, मी कोणता भाग घेऊ? दुसऱ्या पाळीला कंपनीत असणाऱ्याने सकाळची वेळ धरावी. शाळेची बस येण्याआधी डोक्यावर हात ठेवून दोन वाक्यांची प्रार्थनाही 'उठताना'मध्ये मोजली जाते. दुबई-मस्कतला असणाऱ्यांना तर सोय आहे. तिथली घड्याळं दीड तास मागे, म्हणजे इथे मूल रात्री नऊला झोपतं तेव्हा बापाचे साडेसात वाजलेले असतात.

'निजताना'साठी जुन्या करारातल्या 'गणना' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातला याजकीय आशीर्वाद आहे, 24 ते 26, तीन वचनं. पाठ करा. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, त्याचं नाव घेऊन म्हणा. गोव्यातल्या कॅथलिक घरांत तेर्स (जपमाळेची प्रार्थना) संपला की मुलं वडीलधाऱ्यांकडे 'बेसांव', म्हणजे आशीर्वाद, मागतात. प्रॉटेस्टंट घरांनी ही चाल उचलायला हरकत नाही. भांडण झालेल्या दिवशी तर आशीर्वाद चुकवूच नका.

आता शास्त्रातल्या बापांकडे वळू. आदर्श शोधायला गेलात तर निराश व्हाल. एली याजकाची मुलं हफनी आणि फिनहास चाकराकरवी अर्पणाच्या मांसावर तीन दातांचा काटा चालवत, दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी गैरवर्तन करत. एली त्यांना बोलला नाही असं नाही. पहिल्या शमुवेलाच्या दुसऱ्या अध्यायात त्याचं बोलणं नोंदलंय. पण ती याजकाची कामं करत राहिली, त्याने त्यांना आवरलं नाही, आणि देवाचा ठपका नेमका यावर आहे. नुसतं बोलून सोडून देणारे बाप एलीला ओळखतील. त्याच घरात वाढलेल्या शमुवेलाची स्वतःची मुलं पुढे लाच खाऊ लागली, हेही शास्त्र लपवत नाही.

दावीद राजाचं उदाहरण जास्त जड आहे. त्याचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार (वरची यहूदाच्या गोष्टीतली वेगळी) हिच्यावर बलात्कार केला. दावीदाला फार राग आला, असं 2 शमुवेल 13:21 सांगतं. पुढे काहीच नाही. न्याय नाही, तामारेशी एक शब्द नाही. दोन वर्षांनी तामारेचा सख्खा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारून टाकलं. मग तीन वर्षं तो पळून गशूरला राहिला, परत आल्यावरही दोन वर्षं बापाने तोंड पाहिलं नाही, आणि शेवटी अबशालोमाने बापाविरुद्ध बंड केलं, त्यात तो मारला गेला. 'माझ्या पुत्रा, अबशालोमा' हा आक्रोश आपण प्रवचनात ऐकतो, पण त्याच्या मागची सगळी न बोललेली वर्षं क्वचित मोजतो. धाकट्या अदोनीयाबद्दल 1 राजे 1:6 म्हणतं, 'तू असं का केलंस?' असं विचारून बापाने त्याला कधी दुखवलंच नाही. पराक्रमी राजा होता, घरात एक प्रश्न विचारायचं धाडस नव्हतं. घरातल्या मुलीवर नातेवाइकाने हात टाकला आणि 'घराण्याची अब्रू, मंडळीत चर्चा' म्हणून प्रकरण दाबलं, तर बाप दावीदाच्याच जागी उभा असतो. तिथे मुलीचं ऐकायचं, तिच्यावर विश्वास ठेवायचा, त्या माणसाचं घरी येणं बंद करायचं आणि पोलिसांत जायचं. मूल अठराच्या आत असेल तर पॉक्सो कायदा, 2012 प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. मंडळीच्या पंचांची बैठक हा त्याला पर्याय नाही.

पक्षपाताचंही तसंच. इसहाकाला एसाव आवडायचा, रिबकेला याकोब. तोच याकोब पुढे योसेफाला वेगळा झगा शिवतो, आणि भाऊ योसेफाला वीस रुप्यांना विकतात. दोन पिढ्या एकच चूक. 'ताईकडे बघ, किती मार्क' हा आपल्याकडचा झगा आहे.

छडीचं विचारलं जातंच. छडी आवरतो तो मुलाचा द्वेष करतो, हे नीतिसूत्रे 13:24 सगळ्यांना ठाऊक, पण त्याच पुस्तकातलं 17:10 कोणी काढत नाही : शहाण्याला एक बोल जेवढा लागतो तेवढे मूर्खाला शंभर फटके लागत नाहीत. शिवाय इफिसकरांस 6:4 बापांना बजावतं की मुलांना चिडीस आणू नका, आणि कलस्सैकरांस 3:21 कारणही देतं, ती खचतील. शिस्त हवीच, मार नको. माझं मत स्पष्ट आहे : संतापलेल्या बापाच्या हातातल्या छडीने मूल एवढंच शिकतं की बाप नसताना करावं. नियम आधी सांगितलेला असावा. चूक एका वेळी एकच धरावी, जुनी उकरू नये. बोलणं पाहुण्यांसमोर नाही, भावंडांसमोरही नाही. परिणाम त्याच दिवशी आणि चुकीशी जुळणारा : खोटं बोलून फोन वापरला तर दोन दिवस फोन नाही, जेवण बंद कधीच नाही. दोन दिवस संपले की विषय संपला. आणि बापाचं चुकलं असेल तर त्याने मुलासमोर बसून म्हणावं, 'माझं चुकलं, मला माफ कर.' मागे 'पण तूही' जोडू नये.

चांगला नमुना हवाच असेल तर नासरेथचा योसेफ, मरीयेचा पती, पाहा. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडचा एक शब्द नाही. मत्तयात त्याला चारदा स्वप्नात सूचना होते आणि तो उठून ते करतो. मिसरला जायचं कळलं तेव्हा रात्रीच निघाला. त्याने येशूला सुतारकाम शिकवलं असावं, कारण मार्क 6:3 मध्ये गावकरी येशूलाच सुतार म्हणतात. मुलाला आपल्या कामावर एकदा घेऊन जाणं, पगारातला दशमांश त्याच्यासमोर वेगळा काढणं, बँकेच्या हप्त्याचा हिशेब त्याला दाखवणं, हे 'वाटेने चालताना'चं शिक्षण.

राहिला तो सतरा-अठराचा, जो मंडळीत यायला नाही म्हणतो. 'मुलाला लहानपणी वळण लाव, म्हातारपणीही तो सोडणार नाही' हे नीतिसूत्रे 22:6 बाप स्वतःच्या छातीवर मारून घेतात. ते सूत्र आहे, हमीपत्र नाही. लूक 15 मध्ये येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीतल्या बापाने धाकट्याला जाऊ दिलं आणि थोरला रुसून बाहेर थांबला तेव्हा स्वतः बाहेर जाऊन त्याची समजूत घातली. पानावर एकत्र जेवण, प्रवासाचे पैसे, वाढदिवस, यांतलं काही मंडळीच्या हजेरीला बांधू नका. प्रार्थनेची वेळ झाली की दार उघडं ठेवून बोलवा, एकदाच. तो आला नाही तर तुम्ही गीत सुरू करा. ईयोब पहाटे उठून मोठ्या झालेल्या प्रत्येक लेकरासाठी अर्पण करायचा, न जाणो त्यांच्या हातून काही चुकलं असेल म्हणून. तुम्हीही त्याचं नाव घ्या, पण तो खोलीत नसताना.