दुनळीपाशी अडलेलं घोडं: कोल्हापुरी किडची हंगामी नोंद

रायफल आता बरी चालते, रिव्हॉल्व्हर त्याहून बरी. घोडं पेंड खातंय ते दुनळीपाशी, म्हणजे दोन नळ्यांच्या शॉटगनपाशी. काउबॉय ॲक्शन शूटिंगच्या या हंगामातली प्रगती आणि रखडपट्टी, दोन्ही तिथेच असल्यामुळे ही नोंदही बरीचशी दुनळीवरच आहे.

नव्या मंडळींसाठी आधी खेळ थोडक्यात. काउबॉय ॲक्शन शूटिंग १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झालं. १९८७मध्ये त्याची संघटना उभी राहिली: सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, सगळ्यांच्या तोंडी ‘सॅस’. हत्यारं एकोणिसाव्या शतकातली, नाहीतर त्यांच्या नकला. दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर (दर बाराआधी हॅमर, म्हणजे मागचा घोडा, हाताने ओढावा लागतो अशी), पिस्तुलाचंच काडतूस चालणारी एक लिव्हर ॲक्शन रायफल (चापाभोवतीचा दांडा पुढेमागे केला की पुढचं काडतूस चढतं) आणि एक शॉटगन. एका स्टेजला, म्हणजे मॅचच्या एका टप्प्याला, बहुतेक वेळा रायफलचे दहा बार, दोन रिव्हॉल्व्हरचे मिळून दहा आणि शॉटगनचे चार किंवा जास्त. लक्ष्यं पोलादी पाट्यांची, मोठी आणि जवळ. रिव्हॉल्व्हरच्या पाट्या साधारण सात ते दहा यार्डांवर असतात. एवढी मोठी पाटी एवढ्या जवळून चुकणार कोण, असं बघ्यांना वाटतं. टायमरचा बीप वाजला की मग कळतं.

गुणांकन म्हणजे निव्वळ वेळ. चुकलेल्या प्रत्येक बाराला पाच सेकंद दंड, पाट्यांचा क्रम चुकला तर दहा. क्रमाचीही गंमत असते. तीन पाट्यांवर ‘नेवाडा स्वीप’ म्हणजे एक-दोन-तीन-दोन-एक-दोन-तीन असं दहा बार होईपर्यंत मागेपुढे जायचं. टेबलापाशी उभं असताना हे पोरखेळ वाटतं, पण चौथ्या बारानंतर आपण जात होतो की येत होतो हेच डोक्यातून उडतं. मी आता तोंडाने पुटपुटत मोजतो. शेजारी उभा असलेला टायमरवाला हसतो, हसू दे.

हे पाच सेकंद नीट समजून घ्या, कारण सगळा हिशोब तिथे आहे. घाई करून दहा बारांत मी फार तर दीड-दोन सेकंद वाचवतो. त्यात एक पाटी चुकली की व्याजासकट परत. म्हणून चाप ओढायचा वेग वाढवण्याच्या भानगडीत नवख्याने पडूच नये. वेळ जातो तो दोन बारांच्या मध्ये नाही, दोन हत्यारांच्या मध्ये. रायफल खाली ठेवून रिव्हॉल्व्हरला हात घालेपर्यंत, रिव्हॉल्व्हर म्यानात सरकवून दुनळी उचलेपर्यंत. आणि सगळ्यात जास्त, दुनळी भरताना.

कारण नियमच तसा आहे. बाकीची हत्यारं लोडिंग टेबलावर आधी भरून नेता येतात. शॉटगन मात्र मोकळी, उघडी, रिकामी ठेवायची आणि घड्याळ चालू असताना भरायची. एका वेळी दोनच काडतुसं. आपोआप काडतूस बाहेर फेकणारे इजेक्टर चालत नाहीत. म्हणजे दोन बार काढायचे, बंदूक बिजागरीवर मोडून उघडायची, झटका देऊन रिकामी टरफलं मागे उडवायची, पट्ट्यातून दोन नवी ओढायची, दोन्ही नळ्यांत एकदम घालायची, बंद करायची. चार बारांच्या स्टेजला दोनदा भरणं. चांगले खेळाडू हे इतक्या सहज करतात की त्यांचा पट्ट्याकडे गेलेला हात दिसतही नाही.

माझा हात दिसतो. सुरुवातीला तर शोधाशोध चालायची. पट्ट्यात काडतुसं जोडीजोडीने असतात. ती अंगठा आणि पहिल्या दोन बोटांत अशी यायला हवीत की पितळी बूड तळहाताकडे आणि तोंड नळीकडे. एकाच हातात दोन खडू धरणाऱ्या मास्तरांसारखी ही पकड. फरक एवढाच की बारा बोअरचं काडतूस अंगठ्याएवढं जाड आणि बोटं घामाने निसरडी. दोन्ही तोंडं एकमेकांना चिकटलेली राहिली तर नळ्यांत जात नाहीत, कारण नळ्यांमध्ये भिंत आहे. मधल्या बोटाने किंचित फट पाडावी लागते, आणि ती काडतुसं पट्ट्यातून निघतानाच, नळीपाशी पोहोचल्यावर नाही. ही एक गोष्ट कळली आणि माझा भरण्याचा वेळ एकदम खाली आला.

दुसरा फरक टरफलांनी पडला. आमच्या पॉसीतल्या (एकत्र खेळणाऱ्या गटातल्या) एका आजोबांनी (सत्तरी ओलांडलेले, वेग माझ्या दुप्पट) माझी दुनळी हातात घेतली, नळीत बोट फिरवलं आणि म्हणाले, आधी हे गुळगुळीत करून घे. गनस्मिथकडून दोन्ही चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागा, पॉलिश करून घेतले. शिवाय रेघा असलेल्या प्लॅस्टिकची काडतुसं सोडून गुळगुळीत बाहेरची घेतली. आता मागे झटका दिला की टरफलं खांद्यावरून उडतात. आधी नखांनी उकरून काढावी लागायची.

सराव घरीच, गॅरेजमध्ये. दारू नसलेली डमी काडतुसं, भिंतीकडे नळी, रोज पंधरा मिनिटं. खरी काडतुसं त्या वेळी त्या खोलीतसुद्धा नकोत, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. बायको म्हणते, एवढा रियाज गाण्याचा केला असतास तर भिशीत दोन पदं तरी म्हटली असतीस.

आकडे सांगायचे तर, साध्या चोवीस बारांच्या स्टेजला पूर्वी मी मिनिटाच्या पलीकडे असायचो, आता पंचेचाळीसच्या आसपास. आमच्याकडचे तगडे गडी वीसेक सेकंदांत संपवतात. त्यामुळे हुरळून जायचं कारण नाही.

हत्यारांबद्दल बरेच जण विचारतात, तर एकच सांगणं: पहिल्या मॅचला काही विकत घेऊन जाऊ नका. क्लबला आधी कळवा, तिथले लोक चारही हत्यारं, पट्टा, वर काडतुसंसुद्धा हातात देतात. असा दिलदारपणा मी दुसऱ्या कुठल्याच खेळात पाहिला नाही. नंतर घ्यायची तर माझी निवड अशी: रुगर व्हॅकेरो रिव्हॉल्व्हरची जोडी, .३५७ मॅग्नममध्ये, पण वापरायचं त्यातच चालणारं सौम्य काडतूस, .३८ स्पेशल. रायफल १८७३ विंचेस्टरची उबेर्तीने केलेली नक्कल. नवी घेतली तर सगळं मिळून तीन-चार हजार डॉलरला खड्डा. .४५ कोल्टचा रुबाब मोठा, पण धक्काही मोठा आणि खर्चही.

काडतुसं शिशाच्या गोळीची लागतात, तांब्याचं आवरण चालत नाही. पोलादावर आपटून परत येणारे तुकडे हे त्यामागचं कारण. गोळीच्या वेगालाही वरची मर्यादा आहे: रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १००० फूट, रायफलला १४०० फूट. चष्मा तर बघ्यांनाही सक्तीचा. सहा स्टेजच्या मॅचला १२० गोळ्या जातात, त्यामुळे आज ना उद्या रिकामी टरफलं घरीच पुन्हा भरून काडतुसं करण्याकडे वळावंच लागतं. मी वळलोय. त्यात पैसे वाचतात असं सगळे म्हणतात. खरं म्हणजे वाचत नाहीत, तेवढ्याच पैशांत जास्त बार निघतात.

सुरक्षेबाबत हा खेळ सोवळ्यासारखा कडक आहे, आणि ते मला आवडतं. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच काडतुसं, हॅमर रिकाम्या घरावर. जुन्या कोल्टमध्ये फायरिंग पिन थेट काडतुसाच्या बुडावर टेकायची, हातातून पडली की बार उडायचा. नव्या रुगरमध्ये तो धोका हॅमर आणि पिनमधल्या ‘ट्रान्सफर बार’ या पट्टीने काढलाय, तरी नियम सगळ्यांना एकच. भरायची पद्धत पाठ करून टाका: एक घर भरा, एक सोडा, चार भरा, हॅमर पूर्ण ओढा आणि सावकाश खाली सोडा. रायफलच्या चेंबरमध्ये काही नाही. नळीचं तोंड समोरच्या १७० अंशांबाहेर गेलं की स्टेजमधून बाद. शेवटी अनलोडिंग टेबलावर दुसरा माणूस प्रत्येक हत्यार रिकामं असल्याची खात्री करतो, मग तुम्ही वीस वर्षं खेळत असा नाहीतर कालपासून.

आपल्या लोकांसाठी एक महत्त्वाचं. एच-१बी किंवा एफ-१सारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर अमेरिकेचा संघीय कायदा बंदूक किंवा काडतूस बाळगायलाच मनाई करतो. ‘विकत घेत नाही, रेंजवर नुसती हातात घेतो’ ही पळवाट नाही. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे राज्याचा वैध शिकार परवाना. मी ग्रीन कार्ड हातात येईपर्यंत लांबूनच बघितलं. तुमच्या बाबतीत वकिलाला विचारून घ्या, मित्राला नाही. आणि कोल्हापूरचे मित्र विचारतात, इकडे हे करता येईल का? २०१९च्या दुरुस्तीनंतर आपल्याकडे एका परवान्यावर दोनच हत्यारं. क्रीडा नेमबाजांना सवलत आहे, पण हा खेळ तिथे नाही. आणि खरं सांगायचं तर स्वप्नील कुसाळेच्या जिल्ह्यात नेमबाजी शिकायला काउबॉयच व्हायला हवं असं काही नाही.

कपड्यांचा नियम गमतीचा. जुन्या काळाला शोभेल असा वेष हवा. बेसबॉल कॅप नाही, स्पोर्ट्स शूज नाहीत, पुरुषांना अर्ध्या बाह्या नाहीत. फिनिक्सच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि वर वेस्टकोट! म्हणून इथल्या उन्हाळी मॅच भल्या पहाटे उरकतात. मी वेस्टकोट कधीच सोडला, पातळ सुती शर्ट आणि गवती हॅट एवढ्यावर भागवतो. टोपणनाव मात्र प्रत्येकाचं वेगळं आणि नोंदवलेलं लागतं. ‘कोल्हापुरी किड’ अर्थातच शिल्लक होतं. वयाने किड नाही हे मान्य, पण एकोणपन्नाशीपासूनच्या ‘फॉर्टीनायनर’ गटात जायला अजून अवकाश आहे, तोवर त्याच्या आधीच्या वयोगटात, रँग्लरमध्ये.

फेब्रुवारीत बेन ॲव्हरी रेंजवर विंटर रेंज असते, म्हणजे सॅसची राष्ट्रीय स्पर्धा. घरापासून तासाभरावर. यंदा खेळणार नाही, दिवसभर थांबून फक्त दुनळीवाल्यांचे हात बघणार आहे. तोवर एक प्रश्न. मी डावखुरा. दुनळीत त्याने बिघडत नाही, पण १८९७च्या विंचेस्टर पंप शॉटगनची टरफलं उजवीकडे उडतात, म्हणजे माझ्या नाकासमोरून. कुणी डावखुरा ती वापरतोय का? आणि भरताना बंदूक कुठल्या हातात ठेवता?